सिगारच्या पेटीचा काटा ८० वर, चवथीआधी खाली कसा आणू?

म्हापशाची वैनी

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे. आधीच सांगून ठेवते, मी सिगार ओढत नाही, आमच्या घरात कोणीच ओढत नाही. ओढतात ते आमचे धाकटे भावजी, जे वर्षातला बराचसा काळ क्रूझवर असतात. घरी येताना कस्टम्सच्या नियमात बसतात तेवढ्या, म्हणजे २५, सिगार आणतात. सुट्टीत थोड्या ओढतात, एखादी पाहुण्याला देऊन भाव खातात आणि उरलेल्या माझ्या गळ्यात मारून परत जहाजावर. अशा साठत साठत तीसेक झाल्या आहेत.

यंदा जाताना त्यांनी ऑनलाइन मागवलेली एक पेटीही माझ्या हवाली केली. ह्युमिडॉर म्हणतात तिला, सिगारचा ओलावा राखायची पेटी. बाहेरून चकचकीत काळपट लाकूड, झाकणाला काच, आत तांबूस फळ्या. झाकणाच्या आतून लोहचुंबकाने चिकटवलेली जाळीची डबी आणि तिच्यात फोम. पुढे घड्याळासारखा गोल काटा, आतल्या हवेचा ओलावा टक्क्यांत दाखवणारा. सोबत कागदावर सूचना: ‘वैनी, काटा ७० वर हवा. पंधरा दिवसांनी एकदा फोमला डिस्टिल्ड वॉटर पाजा. नळाचं नको.’

मे संपेपर्यंत सगळं सुरळीत होतं. पाऊस लागला आणि काटा चढायला लागला. ७४, ७७, आता ८०. पाणी बंद केलं, फोमची डबीच काढून ठेवली, तरी उतरायचं नाव नाही. काल उघडून बघते तर दोन सिगारांच्या अंगावर पांढरट-हिरवट बुरशी. पेटीला आतून पावसातल्या कपाटासारखा वास. झाकणही फुगलंय, एका कोपऱ्यात अडकतं.

इंटरनेटवर जिथे तिथे एकच: ओलावा वाढवावा कसा. कमी करावा कसा, हे सांगणारा एक माणूस सापडेल तर शपथ. इथे माझं मीठ बरणीतून खरवडून काढावं लागतंय, पापडाचा डबा दोन मिनिटं उघडा राहिला की संपलं, आणि हे लोक मला पेटीत ओला स्पंज ठेवायला सांगतात.

प्रश्न थोडक्यात असे. पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवू का? पेटी सरळ फ्रिजमध्ये टाकू का? ऊन पडेल त्या दिवशी अंगणात ठेवू का? भावजी चवथीला येतायत आणि आल्या आल्या पहिली पेटी उघडतील, गणपती नंतर.

---

आळशी मांडवी

वैनी, फोन करून सांगा की उंदरांनी नेल्या. तंबाखू सुटण्याचा याहून चांगला मुहूर्त भावजींना मिळणार नाही.

---

काउंटरमागचा

मांडवीकरांचा सल्ला आरोग्याला उत्तम आहे, पण वैनींनी विचारलंय वेगळं.

मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात बार सांभाळला. तिथे सिगारचं कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. आता निवृत्त होऊन फोंड्याला भाटात सुपाऱ्या मोजतो. त्यामुळे सांगतो ते पुस्तकातलं नाही, पावसातलं आहे.

पहिली गोष्ट. फोम काढलात ना, आता तो परत लावूच नका, डिसेंबरातही नको. या पेट्या आणि त्यांच्या सूचना थंड मुलखासाठी असतात. तिकडे हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा करकरीत कोरडी होते, सिगार वाळून तडकते. म्हणून त्यांची सगळी अक्कल पाणी घालण्यात खर्च होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेरची हवाच ८५-९० टक्क्यांवर. इथे पेटीचं काम पाणी धरून ठेवणं नव्हे, पाणी बाहेर ठेवणं. आणि फोमला एकच विद्या येते, पाणी सोडायची. जास्त झालं तर परत घ्यायची त्याला ऐपत नाही.

आज संध्याकाळपर्यंत हे करा. सगळ्या सिगार पेटीतून बाहेर काढा आणि स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात ठेवा. चारी बाजूंनी खटके लागणारा, रबराची कड असलेला प्लास्टिकचा डबा असतो ना, तो. नवा घ्या. मसाल्याचा किंवा लोणच्याचा धुऊन वापराल तर भावजींना सिगार ओढताना मेथी लागेल. हॉटेलात पाहुण्यांना दाखवायला काचेचं कपाट होतं, पण पावसाळ्यात महागडा माल मी अशाच डब्यांत ठेवायचो. मॅनेजरला ते दिसायला आवडत नसे. माल मात्र एकदाही बिघडला नाही.

डब्यात दोन बाजूंनी काम करणाऱ्या पुड्या ठेवा. बोवेडा कंपनीच्या मिळतात, ऑनलाइन येतात. आत मिठाचं घट्ट द्रावण असतं आणि बाहेरचं वेष्टण असं की वाफ आरपार जाते, पाणी जात नाही. हवा कोरडी झाली तर पुडी ओलावा देते, दमट झाली तर ओढून घेते. पुडीवर आकडा छापलेला असतो: ६२, ६५, ६९, ७२. तुम्ही ६५ घ्या. ६० ग्रॅमची एक पुडी पंचवीस सिगारांना पुरते, तुम्ही दोन टाका. बाहेर एवढं गरम असताना ७० चा हट्ट नको. गरम हवेत पाणी जास्त मावतं, तेव्हा तिकडचे ७० टक्के आणि इकडचे ७० टक्के सारखे नव्हेत.

बुरशीचं. सिगारच्या अंगावर, म्हणजे बाहेरच्या पानावर असेल तर उघड्यावर, पेटीपासून लांब, कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पुसून डाग राहिला नाही तर वेगळ्या डब्यात ठेवून आठवडाभर नजर ठेवा. पेटवायच्या टोकाला, जिथून आतला तंबाखू दिसतो, तिथे बुरशी असेल तर ती सिगार कचऱ्यात. आत किती गेली आहे हे वरून कळत नाही. काही जण तुम्हाला सांगतील की पांढरी भुकटी म्हणजे जुन्या सिगारचं तेज, चांगलं लक्षण. हिरवट रंग, ठिपके-ठिपके आणि कपाटाचा वास असताना असल्या थापांवर विश्वास ठेवू नका.

आता खरी भीती. बुरशी दिसते तरी, किडा दिसत नाही. तंबाखूत एक भुंगा होतो, लालसर तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा, मान खाली घालून बसतो म्हणून पाठीला कुबड असल्यासारखा दिसतो. त्याची अंडी गोदामातून, कारखान्यातून पानाबरोबरच येतात. हवा थंड असेल तोवर गप्प पडून राहतात. आपल्याकडे पंचवीस-तीस डिग्री बाराही महिने, म्हणजे त्यांची चंगळ. अळी आतून पोखरते, तिचा भुंगा झाला की तो बाहेर पडतो आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखं भोक पडतं. एका सिगारमधून निघालेली किडीची पिढी सगळा डबा संपवते. आणि तो फक्त तंबाखूच खातो असं नाही. हळद, सुकी मिरची, धणे, सुंठ, सगळं चालतं त्याला. तुमच्या हळदीच्या डब्यात कधी बारीक तपकिरी किडे निघाले असतील तर तोच तो असण्याची शक्यता बरीच. म्हणून पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेलं सामान ज्या खोलीत आहे तिथे ही पेटी ठेवू नका.

उपाय फ्रीझर. सिगार झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. फ्रीझर उणे १८ ला असू दे. चार-पाच दिवस आत राहू दे, आठवडा झाला तरी हरकत नाही. मग पिशवी न उघडता एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग पिशवी न उघडताच एक दिवस बाहेर. बाहेर काढल्यावर पिशवीला घाम फुटेल, तो पूर्ण सुकल्याशिवाय उघडायची नाही. घाई केलीत तर तो घाम सिगारच्या पानावर धरतो आणि पान फाटतं.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: तांदूळ नको, ऊन नको, फ्रिज नको. तांदळाला एवढा ओलावा ओढण्याची ताकद नाही. उन्हात वरचं पान आक्रसतं, आतला भरणा ओलाच राहतो, फाटलंच समजा. आणि हल्लीचे बर्फ न धरणारे फ्रिज हवा कोरडी करतात, वर बांगड्याचा वास फुकट.

---

रसायन मास्तर

काउंटरमागचा यांचा सल्ला शंभर टक्के बरोबर, एक कारण सोडून.

गरम हवेत पाणी जास्त मावतं हे खरं. ३० डिग्रीला ७० टक्के म्हणजे घनमीटरमागे साधारण २१ ग्रॅम वाफ, २१ डिग्रीला ७० टक्के म्हणजे १३ ग्रॅमच्या आसपास. पण तंबाखूचं पान हवेतले ग्रॅम मोजत नाही, टक्केवारीकडे बघतं. टक्केवारी तीच राहिली आणि तापमान वाढलं तर पानातलं पाणी उलट किंचित कमी होतं. तरीही ६५ च ठेवायचं, कारण उबदार जागेत बुरशीला ७५ च्या पुढे रान मोकळं मिळतं आणि आपल्याला त्या रेषेपासून लांब राहायचंय. ७० वर ठेवलं आणि काटा पाचाने चुकत असला, तर आपण रेषेवरच उभे.

तर आता काट्याचं. वैनी, तो गोल काटा खरं बोलतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? अशा पेट्यांबरोबर येणारे स्प्रिंगचे काटे दहा-दहा टक्क्यांनी चुकताना मी पाहिले आहेत. तपासणं सोपं आहे. सोड्याच्या बाटलीचं बूच घ्या, त्यात निम्मं मीठ भरा, वर थेंब-थेंब पाणी टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळून पाणी होता कामा नये. हे बूच आणि काटा एका झिपच्या पिशवीत, काट्याला पाणी लागणार नाही असं ठेवा, पिशवी फुगीर असताना बंद करा आणि चोवीस तास हलवू नका. पंखा, चूल, खिडकी यांपासून लांब. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. २० डिग्री असो की ३०, आकडा जवळपास हलत नाही. म्हणून तर प्रयोगशाळेतही हे मीठ वापरतात. काटा ७५ दाखवेल तर बरोबर, ७० दाखवेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे.

मीठ मात्र पाकिटातलं शुद्ध घ्या. आगरवाड्याचं, नेरूलचं गावठी मीठ जेवणात मला प्रिय आहे, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते फारच कमी ओलाव्यातही पाणी ओढतात. त्या मिठाने पिशवीतली हवा ७५ च्या खाली थांबेल आणि तुमचा हिशोब चुकेल. तुमची बरणी खरवडावी लागते ना, त्याचंही उत्तर यातच आहे. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर पाणी धरतं, गावठी मीठ त्याच्या कितीतरी आधीपासून.

आणखी एक हिशोब देतो, तो कोणी करत नाही. तुमच्या पेटीत आत पाच-सहा लिटर हवा असेल. त्या सगळ्या हवेतली वाफ एक-दोन दशांश ग्रॅम. म्हणजे काहीच नाही. पाणी हवेत नसतं, लाकडात असतं. जून-जुलैत ८५-९० टक्क्यांत पडून राहिलेल्या लाकडात वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं, ६५ टक्क्यांच्या हवेत ते १२ पर्यंत उतरतं. पेटीत किलोभर लाकूड धरलं तर ६० ग्रॅम पाणी बाहेर काढायचंय. पुडी ६० ग्रॅमची, तीही आतून आधीच निम्मी पाण्याची. ती बिचारी काय काय ओढणार? म्हणून ओल्या पेटीत पुड्या टाकून उपयोग नाही. आधी रिकामी पेटी सुकवा.

सुकवायला पाव किलो सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, आणा. ती स्वतःच्या वजनाच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी धरते. रंग बदलणारी घेतलीत तर नारिंगी घ्या, निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात नको. एका ताटलीत पसरून पेटीत ठेवा, झाकण लावा, दोन-तीन दिवसांनी ओव्हनमध्ये १२० डिग्रीला तासाभर तापवून परत वापरा. या काळात सिगार आत ठेवू नका. सिलिका जेलला थांबायचं कुठे ते कळत नाही, ती पानं कुरकुरीत करून ठेवेल.

---

काउंटरमागचा

मास्तर, मान्य. बारमध्ये बसून कारण विचारणारं गिऱ्हाईक मला कधी भेटलं नाही, नाहीतर आधीच दुरुस्त झालो असतो.

---

रंधा आणि पटाशी

मी सुतार, पेडण्याचा. सिगारशी संबंध नाही, पण पेटी म्हटल्यावर राहवलं नाही.

वैनी, झाकण अडकतंय म्हणून कोणाला रंधा मारू देऊ नका. दरवर्षी जुलैत लोक बोलावतात, दार घासतंय, जरा तासून द्या. मी नाही म्हणतो, मग ते दुसऱ्याला बोलावतात, आणि डिसेंबरात त्याच दाराच्या फटीतून पाल आत येते. लाकूड सुकलं की झाकण आपोआप बसेल.

चकचकीत काळपट म्हणताय त्यावरून बाहेरचा भाग एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, आणि वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, व्हिनियर, असणार. आतल्या तांबूस फळ्या खऱ्या असतील तर ते स्पॅनिश सीडर. नावात स्पॅनिश आणि सीडर असलं तरी ते स्पेनचं नाही आणि देवदारही नाही, मध्य-दक्षिण अमेरिकेतलं, कडुलिंब आणि महोगनीच्या कुळातलं झाड. आपल्या घाटातला तून त्याचा जवळचा नातेवाईक. त्याचा वास किड्याला नको असतो म्हणतात, पण त्यावर विसंबून फ्रीझर टाळू नका. एखादी फळी बुरशीने काळी पडली असेल तर तिथे साग बसवू नका, सागाला स्वतःचा उग्र तेलकट वास आहे. आणि आतून पॉलिश, वार्निश काही मारायचं नाही. ते बाहेरून.

आता फट शोधा. रात्री दिवे बंद करून मोबाइलची बॅटरी चालू करून पेटीत ठेवा, काचेवर जाड कापड टाका आणि झाकण लावा. सगळीकडून फिरून बघा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून पावसाची हवा आत जाते. काचेची कड हे अशा पेट्यांचं नेहमीचं दुखणं, चार ठिपके गोंदाचे लावून बसवलेली असते. मग कागदाची पट्टी झाकणात धरून ओढा, चारही बाजूंना. जिथे अलगद सुटते तिथे झाकण टेकत नाही. बिजागरीच्या बाजूला बहुतेक वेळा तसंच निघतं. तिथे स्क्रू जरासे सैल करून, झाकण मागे सरकवून परत आवळा.

काचेला बाहेरून पारदर्शक सिलिकॉन लावा, बोटाने साबणाचं पाणी लावून गुळगुळीत करा. सिलिकॉन सुकताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा, दोन दिवस तरी.

---

म्हापशाची वैनी

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं.

मास्तर, काटा पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो ६८ वर. म्हणजे सात कमी दाखवतो! म्हणजे ८० दिसत होतं तेव्हा खरं ८७. आणि नवा डिजिटल आणला, तोही आधी मिठात घालून बघितला, तो ७६ दाखवतो. त्याने हॉलमधली हवा मोजली तर ८८. म्हणजे पेटी बंद होती की उघडी, काही फरकच नव्हता. भावजींनी दिलेल्या पेटीपेक्षा माझा चकलीचा डबा जास्त राखण करतो.

बॅटरी ठेवून बघितली. काचेच्या दोन बाजूंनी सरळ रेघ. बिजागरीकडे कागद असा सुटला की ओढावाही लागला नाही. सिलिकॉन मुलाने लावला, बोटाचे ठसे राहिलेत, पण उजेड येत नाही आता.

सिगार आधी डब्यात ठेवल्या, ६५ च्या दोन पुड्यांसोबत. बुरशीच्या दोघींपैकी एकीच्या टोकाला होती, ती टाकली. दुसरी पुसून वेगळी ठेवलीय. भोक कशालाच नाही, सगळ्या भिंगाखाली बघितल्या. फ्रीझरचा प्रश्न देवाने सोडवला. श्रावण चालू आहे, आमच्याकडे मासळी बंद, फ्रीझर रिकामा आणि धुऊन पुसून ठेवलेला. तिथेच गेल्यात सगळ्या.

दोन शंका. एक, लायट. आमच्याकडे पावसात दिवसाला दोन-तीनदा जाते, कधी तीन-चार तास. फ्रीझरमध्ये सिगार असताना गेली तर परत पहिल्यापासून मोजायचं का? दोन, प्लास्टिकच्या वेष्टणात ज्या आहेत त्यांचं वेष्टण काढायचं का?

---

काउंटरमागचा

वेष्टण असू दे. त्यातून ओलावा हळू येतो-जातो, पावसात ते फायद्याचंच. शिवाय एकीत किडा निघालाच तर शेजारणीकडे जायला त्याला वेळ लागतो.

लायट गेली तर फ्रीझर उघडायचा नाही, बस. बंद फ्रीझर काही तास थंड राहतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, म्हणजे थंडी टिकते. चार तासांहून जास्त गेली तर दोन दिवस वाढवा. आपल्याला घाई कुठे आहे.

हॉटेलात आमच्याकडे वाइनचा छोटा फ्रिज होता, त्यात सिगार १८-२० डिग्रीला ठेवत असू. उत्तम वस्तू, पण वैनींना तीस सिगारसाठी तो घ्यायला सांगणार नाही. त्यात एक गोम अशी की आतली थंड सिगार पावसाळ्यात एकदम बाहेर काढली की तिलाही घाम फुटतो. गिऱ्हाइकाला वाटतं, ताजी आहे. मी ती आधी बंद डबीत अर्धा तास बाहेर ठेवून मगच टेबलावर पाठवायचो.

---

रसायन मास्तर

वैनी, काट्याच्या मागे बघा. बहुतेकांना एक बारीक खाच असते, चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरते. मिठाच्या पिशवीत २४ तास ठेवून, बाहेर काढल्या काढल्या ७५ वर लावा. म्हणजे भावजींना समोरचा काटाही खरा दिसेल. डिजिटल मात्र पेटीच्या मधोमध ठेवा, पुडीला चिकटून नको, नाहीतर तो पुडीची हवा मोजेल.

---

म्हापशाची वैनी

खाच आहे! फिरवली. आता दोघे जुळतात.

पेटीत सिलिका जेल ठेवून, ओव्हनमधून काढून, परत ठेवून डिजिटल ५९ पर्यंत उतरला आहे. झाकणही अडकायचं थांबलं, रंधा न मारता. आता जेल काढून नुसत्या ६५ च्या पुड्या ठेवल्यात, रिकाम्या पेटीत, काटा कुठे थांबतो बघायला. कालपासून ६४. बाहेर धो-धो पाऊस.

शेवटचा प्रश्न. चवथीच्या दिवसांत पेटी कुठे ठेवू? हॉलमध्ये गणपती आणि वर फळाफुलांची माटोळी. बेडरूमचं कपाट आहे, पण ते पश्चिमेच्या भिंतीला.

---

रंधा आणि पटाशी

पश्चिमेची भिंत नको. चिऱ्याची असेल तर पावसात आतून पाणी धरते, कपाटाची मागची फळी नेहमी तीच आधी फुगते. मधल्या भिंतीला, जमिनीपासून वर, मागे चार बोटं जागा सोडून.

---

काउंटरमागचा

हॉलमध्येही नको. तंबाखू कुठलाही सुगंध पटकन ओढून घेतो. दहा दिवस धूप, अगरबत्ती, कापूर आणि वर नेवऱ्या तळल्याचा वास. भावजींनी सिगार पेटवली की आरती सुरू झाल्यासारखं वाटेल. स्वयंपाकघराजवळची खोलीही त्याच कारणाने बाद. एखादी मधली खोली असेल तर तिथे, आणि त्या खोलीतल्या कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत ना ते बघा. पावसात प्रत्येक घरात असतात. त्या वासापुढे सीडरबिडर काही टिकत नाही.

फ्रीझरमधल्या सिगार आता पेटीत घातल्यात तरी चालेल, पण आधी तो एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, एक दिवस बाहेर, पिशवी बंद. पहिले दोन आठवडे रोज काट्याकडे बघा. ६८ च्या वर गेला तर फट राहिलीय. पुड्या वाढवू नका, फट शोधा. पुडी फुगून आत पातळ पाणी खळखळायला लागलं तर तिने जास्त ओढलंय, ती बदला. डिसेंबर-जानेवारीत दुपारची हवा कोरडी झाली की हीच पुडी उलटं काम करील, ओलावा देईल, आणि आटली की आत खडे लागतील. तेव्हाही फोम नको, नवी पुडी.

---

म्हापशाची वैनी

डांबराच्या गोळ्या त्याच कपाटात निघाल्या, साड्यांमध्ये. आजच हलवते. मधली खोली सासूबाईंची आहे, त्यांना विचारलं. म्हणाल्या, ठेव, पण वास आला तर खिडकीतून टाकीन. चालेल का असं भावजींना विचारणार नाहीये.